भांड्यावरचं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी औषध कंपनीच्या माणसाने जानेवारीत दिली होती. दहा महिने कपाटात कोरी पडून होती. आज काढली, कारण डॉक्टरांनी सगळ्या स्टाफला बजावलंय की कालच्या केसबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. आता मी, हेमलता, मोहोपाड्याच्या या छोट्या दवाखान्यात चौदा वर्षं नर्स, आणि चौदा वर्षांत मला कुणी गप्प बसलेलं पाहिलेलं नाही. तोंड बंद म्हटल्यावर हात तरी चालवते.

कालची केस म्हणजे हमदान. कुंभिवलीचा टेंपोवाला, वय सव्वीस. समुद्राकडून मासळी घेऊन येत होता. बर्फ वितळून टेंपोतून तांबडं पाणी गळत होतं, सुरमईचं. हायवेला कुणीतरी ओरडलं, गाईचं मांस आहे. वीस-पंचवीस जणांनी त्याला खाली ओढलं. आमच्याकडे आणला तेव्हा श्वास चालू होता. डावा डोळा जागेवर नव्हता आणि बरगड्या माझ्या हाताखाली कुरकुरत होत्या. मी हात धरला तर म्हणाला, "मावशी, मासळी हाय ती. मासळी हाय." अर्ध्या तासात संपला. अंग मीच पुसलं.

घरी आले तर गजा उजवा हात पाण्यात बुडवून बसलेला. (वहीत गजा लिहिते. तोंडावर अहो.) बोटांच्या मागच्या गाठी फुटून सुजल्या होत्या. म्हणाला, खाणीवर पाना सटकला. गजा दगडखाणीवर सुपरवायझर आहे, त्यामुळे लागणं-खुपणं नवीन नाही. तरी मी म्हटलं, "पान्यानं असं नाय लागत. कुणाशी कुस्ती खेळून आलात?" तर म्हणाला, "गप हळद लाव गं." लावली. मी काही हाडांची डॉक्टर नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आज कुंभिवलीला बुधाजी गुरुजींच्या घरी बैठक. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, निम्म्या तालुक्याला त्यांनी पाढे शिकवलेत, गजालाही. बौद्धवाड्यातली माणसं, मोहल्ल्यातली माणसं, कारखान्यांतले काही कामगार, अशी चाळीसेक डोकी. गुरुजींनी ठरवूनच ठेवलं होतं. तेवीस तारखेला खालापूरच्या मैदानात शांततेसाठी धरणं. "घोषणा नाय, भाषण नाय. तीन तास बसायचं. कुणाला शिव्या द्यायच्यात त्यानं द्याव्यात, आपण बसायचं." कुणीतरी विचारलं, यानं काय होणार? गुरुजी म्हणाले, "पोरा, मारामारीनं काय झालं ते तर बघितलंस."

सफुराने लाडवांची जबाबदारी घेतली, मी प्रथमोपचाराच्या टेबलाची. सफुरा माझी मैत्रीण. तिचे यजमान जमालभाई यांचं मोहोपाड्याच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे. त्यांची सानिया बारावीला आहे. आम्हाला मूल नाही, त्यामुळे सानियाच्या वेण्या, तिचे कान टोचणं, तिचा पहिला ताप, सगळं अर्धं माझ्या वाट्याला आलंय.

मला वाटलं होतं गजा चिडेल. तो पदूशेठच्या रणधीर प्रतिष्ठानात जातो. पदूशेठ म्हणजे जमिनीचे दलाल, आता पंचायत समिती जिंकायची घाई झालीय त्यांना. पण गजाने उलट चौकशी केली. स्टेज कुठल्या अंगाला, लाडू कुठे ठेवणार, बायका कुठे बसणार. लग्नाला सोळा वर्षं झाली, माझ्या कामात या माणसाने पहिल्यांदा एवढा रस घेतला. मी मैदानाचा नकाशाच काढून दिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लाडवांचा मोठा डबा सापडेना. सफुराला द्यायचा होता. मांडणी पालथी घातली. माझ्या मांडणीवर माझ्या नावाचं एक भांडं नाही. आत्या, मामा, नणंदेचे सासरे, खाणीचे मालक, जो तो स्वतःचं नाव कोरून बसलाय. देणाऱ्याचं नाव राहतं आणि घासणारीचं कुठेच नाही. गजाला विचारलं तर म्हणाला, खाणीवर पोरांना चिवडा नेला त्यातून, आणतो परत.

तो डबा मला हवाय. वास्तुशांतीला जमालभाईंनी दिलेला. त्यांच्या दुकानात नाव कोरायचं मशीन आहे आणि इथल्या शंभर घरांत तरी "जमाल व सफुरा यांजकडून सप्रेम भेट" असे डबे असतील. कुणाचंही लग्न असो, त्यांचा डबा हजर. मी हट्ट धरला होता की माझ्या डब्यावर पोपट काढा. जमालभाई म्हणाले, "वयनी, मी नावं काढतो, पक्षी नाय काढत." तरी काढला. चोच तेवढी पोपटाची आली, बाकी बदक. सफुरा हसून हसून खाली बसली होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गजाचं नवीनच. "तुझ्या आयशीकडं झोडणी हाय. रविवारी पोशीरला जा मदतीला." म्हटलं, रविवारी धरणं आहे, टेबल माझ्याकडे आहे. तर म्हणे, आई म्हातारी झाली, भात खळ्यावर पडलंय, लोकांची मलमपट्टी करायला दुसऱ्या बाया नाहीत का? स्वतः गाडीवर सोडणार, स्वतः आणायला येणार. सोळा वर्षांत या माणसाला सासूची एवढी माया आल्याचं ऐकिवात नाही. मी तणतणले. तो तणतणला नाही, हे आणखी नवीन. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "हेमे, एवढं ऐक माजं." मग मी विरघळले. सफुराला फोन करून सांगितलं. ती नुसती "बरं" म्हणाली, आणि ते "बरं" मला दिवसभर टोचतंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

मी आहे. सफुरा आहे. सानिया आहे पण हात नाही. गुरुजी गेले. कानात शिट्टी वाजतेय, थांबत नाही. बाकी लिहवत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लिहिते.

शनिवारी संध्याकाळी गजाने मला पोशीरला सोडलं. रविवारी सकाळी खळ्यावर उभी राहिले, दोन पेंढ्या झोडल्या आणि लाज वाटायला लागली. सफुराचं ते "बरं". आई म्हणाली, "भात काय पळून जातंय व्हय? जा तू." नेरळपर्यंत मिनीडोर रिक्षा, मग कर्जत, मग खोपोलीची गाडी. गजाला फोन केला नाही, उगाच शब्दाला शब्द वाढला असता. पावणेबाराला मैदानात पोचले. चारशे माणसं नुसती बसली होती. एवढी माणसं एका जागी आणि इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यावरून दोन पोरं शिव्या देत गेली, कुणी मान वळवली नाही. सफुराने मला पाहिलं आणि माझ्या हातात पट्ट्यांची पेटी दिली. सानिया लाडवांच्या टेबलाशी होती, स्टेजच्या उजव्या अंगाला. मला बघून लांबूनच जीभ काढून दाखवली.

मागे लिंबाखाली एक म्हातारी चक्कर येऊन पडली म्हणून मी तिकडे गेले. तिच्या तोंडावर पाणी मारत होते.

आवाज मला आठवत नाही. पाठीत कुणीतरी दार हाणावं तसा धक्का, आणि मी म्हातारीवर पडलेली. उठले तेव्हा सगळं मुकं होतं. माणसांची तोंडं उघडी दिसत होती, आवाज नाही. स्टेज नव्हतं. लाडवांचं टेबल नव्हतं. धुळीतून एक माणूस चालत आला, त्याने स्वतःचं पोट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, माझ्यापाशी आला, बसला आणि मेला. गुरुजींना मी चष्म्यावरून ओळखलं. चष्मा शाबूत होता, चेहरा अर्धा होता. मोहल्ल्यातल्या लुबनाच्या मांडीवर तिचं लहान पोर होतं. तिने त्याला पदराने झाकून घेतलं होतं आणि कुणाला हात लावू देत नव्हती. पोराला मान नव्हती.

सानिया टेबलाच्या चार हातांवर पडली होती. डावा हात कोपराखाली नव्हता. मी माझी ओढणी काढून तिच्या दंडाला बांधली, काठी घालून पिळली. ती शुद्धीत होती. तोंड हलत होतं. माझ्या कानांत शिट्टी, मला ऐकू येईना, मी नुसती "हो हो" म्हणत राहिले. काय म्हणत होती कोण जाणे.

दहा मिनिटांत गजा आला, खाणीचा टेंपो घेऊन. खाणीवरून यायला अर्धा तास लागतो, बातमी ऐकल्याबरोबर उडतच निघाला असेल. उडी मारून उतरला, मला पाहिलं आणि ओरडला. हे पहिलं वाक्य मला ऐकू आलं, लांबून, पाण्याखालून आल्यासारखं. "तू हितं कशी? तुला पोशीरला सोडली व्हती ना! हेमे, तू हितं कशी?" ढसाढसा रडत होता. सासरे गेले तेव्हाही रडला नव्हता. त्या सगळ्या रक्तात मला वाटून गेलं, कुणीतरी माझ्यासाठी इतकं रडतंय. वाटलं ते लिहिते, लपवत नाही.

मग त्यानेच सानियाला उचललं. एकूण नऊ जणांना त्याने टेंपोत घातलं. आम्ही दवाखान्यात रात्र होईपर्यंत अंगांतून खडी काढत होतो. क्रशरची काळी खडी, कडा धारदार. मैदानात तर लाल मुरूम आहे. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, विचार नंतर करा, चिमटा द्या.

अकरा मेले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जमालभाईंना पहाटे उचललं. वरून आलेल्या पथकाला मैदानात डब्याचा तुकडा सापडला, त्यावर जमाल असं नाव. टीव्हीवर सकाळपासून तेच. बॉम्बवर नाव, बॉम्बवर नाव. मोठे साहेब लांबचे आहेत, त्यांच्याकडे भांड्यावर मालकाचं नाव असत असेल. पण इथले हवालदार, इथले पत्रकार, इथला तलाठी? यांच्या घरी नाहीत का भांडी? कुणी एक जण बोलला नाही.

आज बंद होता. पदूशेठ बाजारात जीपच्या टपावर उभे राहून बोलले. "ज्यानं सोताच्या लेकीला सोडलं नाय, तो तुमच्या लेकींना सोडंल?" त्यानंतर जे व्हायचं ते झालं. जमालभाईंचं दुकान फोडलं. मी दवाखान्याच्या गच्चीवरून पाहिलं. पातेली, कळश्या, ताटं रस्त्यावर उतारानं गडगडत होती, पोरं त्यांना लाथा मारत होती, आणि आवाज इतका की माझ्या आजारी कानालाही सोसवेना. दुकानातला नोकर शारिक आत अडकला होता. त्याला शटरखालून पाय धरून ओढला आणि त्याच्याच दुकानातल्या मुसळाने त्याचे दोन्ही गुडघे फोडले. आमच्याकडेच आणला. मी पट्टी बांधताना तो एकच विचारत होता, "मी कुठं जानार? मी हितलाच हाय ना?"

३० नोव्हेंबर, रविवार

पाताळगंगेच्या पुलावर गर्दी होती म्हणून रिक्षा थांबली. खाली पाण्यात डबे तरंगत होते. झाकणं घट्ट लावलेली, उन्हात चमकत होते. दहा, वीस, मोजलेच नाहीत. जमालभाईंच्या नावाचे. लोकांनी रातोरात टाकले, आपल्या घरात ते नाव सापडायला नको. रिक्षावाला म्हणाला, आमच्या आईने तर झाकणावरचं नाव दगडाने घासून काढलं.

घरी येऊन गजाला विचारलं, आपला डबा? "परवाच टाकला नदीत. कशाला फुकट झंझट." म्हटलं, खाणीवर होता ना? "तितूनच टाकला." राग आला. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. त्या रागाची आणि सुटल्याची दोन्हीची लाज वाटते.

गजाचा फोटो सगळ्या पेपरांत आलाय. सानियाला दोन्ही हातांवर घेऊन धावतोय, तिची ओढणी लोंबतेय. पदूशेठ घरी येऊन गेले. पंचायत समितीचं तिकीट गजाला. चौकात तोच फोटो, बारा फुटी. खाली "जीव लावणारा माणूस". सफुरा पनवेलच्या हॉस्पिटलात लेकीजवळ बसलीय. तिने पाहिला नसेल अजून.

४ डिसेंबर, गुरुवार

प्रथमोपचाराला होते म्हणून साक्षीला बोलावलं. साहेबांनी टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत करंजीएवढा तुकडा, कडा वळलेल्या, काळा पडलेला. त्यावर "जमाल व स". आणि त्याच्या पुढे एक चोच.

साहेबांनी विचारलं, ओळखता का? मी म्हटलं, नाही. पुन्हा विचारलं. नाही. "ये उसी के घर का है ना?" मी मान हलवली, कशी हलवली मलाच माहीत नाही, पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि मी सही केली. पोपटाचं राहू दे. नाव देणाऱ्याचं असतं, एवढं तरी सांगता आलं असतं. तेवढंही सांगितलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

स्वयंपाक केला. दोघं जेवलो. त्याने दोनदा भात घेतला.

७ डिसेंबर, रविवार

सानियाला पनवेलहून आमच्या दवाखान्यात हलवलं, रोजच्या ड्रेसिंगसाठी. सफुरा दोन आठवड्यांपूर्वी होती त्याच्या निम्मी झालीय. शुक्रवारी तिने जमालभाईंना कोर्टात पाहिलं. "दोघांनी धरून आनला गं. तळवं टेकवत नव्हता. नखं नाहीत हातांना. मला बघून हसला, तर समोरचं दात नाहीत." ती हे अगदी सपाट आवाजात सांगत होती आणि सानियाच्या केसांतून फणी फिरवत होती.

मग म्हणाली, "वकील बोलले, दुसऱ्यांच्या घरातली डबं आना, जमालच्या नावाची. जज्जाला दाखवू की नाव देनाऱ्याचं असतं. हेमा, मी एकतीस घरं फिरले. ज्यांच्या लग्नात मी हातानं डबा दिला, ते बोलतात आमाला दिलाच नाय. एकीनं तर दार लावून घेतलं." माझा हात धरला. "तू टाकला नसशील. तुज्यावर तर पोपट हाय. तेवढा डबा आन गं. तेवढ्यावर त्याचा जीव हाय."

मी म्हटलं, बघते. बघते म्हटलं! सलाईन बघायला जाते म्हणून बाहेर आले, ती परत आत गेलेच नाही.

८ डिसेंबर, सोमवार

पहाटे उठून ही वही पहिल्यापासून वाचली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. पाना. नकाशा. चिवडा. पोशीर. दहा मिनिटांत टेंपो. खडी. एवढं लिहिणारी बाई एवढी आंधळी कशी असेल? आंधळी नव्हतेच मी. मी हसण्यावारी नेत होते.

अकरा वाजता त्याला अर्ज भरायला निघायचं होतं. बाहेर पदूशेठची जीप, ढोल, गुलाल, बायका औक्षण बघायला दारात. तो आतल्या खोलीत आरशासमोर होता. मी दार लोटलं.

"अहो, डबा कुठाय?"

"किती वेळा सांगू? नदीत."

"चोच पोलिसांच्या टेबलावर हाय. मी बघितली."

फणी खाली ठेवली त्याने. आरशातूनच माझ्याकडे बघितलं. मग खालच्या आवाजात, समजूत काढल्यासारखं बोलायला लागला. "तुला काय झालं का? आं? कानाचं सोड, कान भरंल. तुला मी आदल्या दिवशीच सोडली व्हती. पदूशेठ बोलले व्हते, बायकोचं काय? मी बोललो, ते मी बघतो. मला बोलले नुसता आवाज व्हईल, मानसं पळतील. एवढं व्हईल असं कोन बोललं व्हतं?"

"नुसत्या आवाजाला खडी कशाला लागते?"

त्याने फणी उचलून पुन्हा भांग पाडला.

"आन् हमदान? तितं पण नुसता आवाज व्हता?"

"तितं सगळेच व्हते गं. मी एकला व्हतो का?"

"गुरुजींनी पाढे शिकवले तुमाला. सानियाला कडेवर घेतलीत तुमी. तिला का नाय सोडली पोशीरला?"

तर म्हणाला, "तिला उचलून मीच आनली ना?"

त्याला ते खरंच पटलेलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. मग रुमालाने डोळे पुसून म्हणाला, "चल, ओवाळ. लोक उभं हायेत."

आणि मी ओवाळलं. हे लिहायलाच हवं. ताम्हन हातात घेतलं, कुंकू लावलं, तांदूळ टाकले, बायकांनी टाळ्या वाजवल्या.

११ डिसेंबर, गुरुवार

काल सकाळी ड्युटीचा ड्रेस घालून घरून निघाले आणि सफुराच्या वकिलांकडे गेले. तिथून त्यांच्यासोबत साहेबांकडे. वही टेबलावर ठेवली. म्हटलं, तो डबा माझा आहे. पोपट मी काढायला लावला होता. चार तारखेला मी खोटं बोलले.

साहेबांनी सुरुवातीला पेन उचललंच नाही. मग त्यांनी मराठी वाचणाऱ्या एका बाईंना बोलावलं. बाईंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि बदकाच्या जागी त्यांना हसू फुटलं, मग त्यांनी एकदम स्वतःलाच आवरलं. पुढे वाचताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. पानांची झेरॉक्स काढली. साहेबांनी विचारलं, नवऱ्याशी भांडण आहे का? मारतो का? बाहेर काही आहे? मी म्हटलं, सोळा वर्षांत त्यांनी माझ्यावर एकदाही हात उगारला नाही. बाईंनी विचारलं, हे लिहू? म्हटलं लिहा, तेही खरंच आहे.

गजाला दुपारी प्रचारफेरीतून उचललं. गळ्यात हार होता म्हणे. पदूशेठनी तासाभरात सांगून टाकलं की या माणसाचा प्रतिष्ठानशी संबंध नाही, आणि संध्याकाळी चौकातला बारा फुटी फोटो उतरवला. पदूशेठचं नाव मी जबाबात सांगितलंय. ते लिहिताना साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की? तिकीट आता त्यांच्या पुतण्याला, साईराजला. जमालभाई अजून आतच आहेत. वकील म्हणतात आठवडा तरी जाईल. आमच्या घराच्या काचा फुटल्यात. कुणी फोडल्या ते माहीत नाही, दोन्ही बाजूंना कारण आहे.

आज दवाखान्यात गेले. सफुराला वकिलांनी सगळं सांगितलेलं होतं. ती सानियाच्या कॉटशी उभी होती. मी दारातच थांबले.

तिने विचारलं, "तुला कदीपासून ठावं हाय?"

मी म्हटलं, "चार तारखेपासून."

"सांगितलंस कदी?"

"काल. दहाला."

तिने बोटांवर मोजलं. एक एक बोट दुमडत, सावकाश. सहा. "नखं काढली ती चार तारखेच्या आदी का नंतर, मला ठावं नाय," ती म्हणाली. "त्याला इचारीन."

सानिया भिंतीकडे तोंड करून पडली होती. ड्रेसिंगची वेळ टळून तास झाला होता. दुसरी सिस्टर रजेवर होती आणि वॉर्डबॉयला सानिया हात लावू देत नव्हती. पट्टीतून पाणी सुटलं होतं.

सफुरा बाजूला सरकली. "ड्रेसिंग कर," म्हणाली. "तुजा हात हलका हाय. आन् मग जा."

मी ड्रेसिंग केलं. सानिया ओरडली तेव्हा सफुराने तिचं डोकं पोटाशी धरलं. मी पट्टी बांधली, टोक खोचलं, ट्रे उचलला आणि निघाले.